वेंगुर्ला रोडने वेंगुर्ल्यापर्यंत

बेळगाव शहरातून हिंडलग्याच्या दिशेने पश्चिमेकडे जो रस्ता बाहेर पडतो, त्याला येथील लहानथोर सगळे वेंगुर्ला रोड म्हणतात. वेंगुर्ला हे बंदर येथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, सह्याद्री उतरून गेल्यावर अरबी समुद्राच्या काठी आहे, आणि आजच्या बेळगावकराचे त्या बंदराकडे फारसे काम उरलेले नाही. तरीही रस्त्याला नाव त्याचेच आहे, कारण रेल्वे येण्यापूर्वी बेळगावला समुद्राशी जोडणारा मोठा मार्ग हाच होता. गोऱ्या पलटणी वेंगुर्ल्याला जहाजातून उतरून याच वाटेने बेळगावच्या छावणीत येत असत. देशावरचा कापूस आणि धान्य याच वाटेने खाली जात असे आणि मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर येत असे. या सगळ्या वाहतुकीचा कस एकाच जागी लागत असे, आणि ती जागा म्हणजे आंबोलीचा घाट.

आंबोलीला आमच्याकडची सगळीच माणसे जातात. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजावे, गरम भजी खावी, दरीत डोकावून धुके पाहावे आणि संध्याकाळी परतावे, असा तो ठरलेला बेत असतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्या रस्त्यावर उभे राहून आपण धबधबा पाहतो, तो रस्ताच पाहण्यासारखा आहे, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे. म्हणून या वेळी प्रवास बेळगावपासून वेंगुर्ल्याच्या धक्क्यापर्यंत अखंड करायचा आणि त्यात घाट हेच मुख्य स्थळ मानून त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा, असे मी ठरवले. सोबत मामा होते. उमेदीच्या काळात त्यांनी याच मार्गावर मालट्रक चालवला होता. बेळगावच्या मंडईतून भाजी, बटाटे आणि गूळ घेऊन खाली जायचे आणि येताना नारळ किंवा जांभ्याचे चिरे भरून आणायचे. त्यांच्याइतका हा घाट जाणणारा माणूस माझ्या ओळखीत नाही.

जाण्यासाठी आम्ही गणपतीनंतरचे दिवस निवडले. जून-जुलैत घाटात दरडी येतात आणि धुके इतके दाट असते की पाहण्यासारखे काहीच उरत नाही. ऑक्टोबर सरता सरता झरे बारीक होतात. सप्टेंबरच्या मध्यावर पाऊस सरींनी येतो, मधूनमधून उघडीप मिळते आणि धबधबे मात्र पुरते जिवंत असतात. शनिवार-रविवार आम्ही कटाक्षाने टाळला. आदल्या दिवशी मामांनी स्वतः उभे राहून गॅरेजमध्ये गाडीचे ब्रेक पॅड उघडायला लावले, वायपरची रबरे बदलून घेतली, टायरची नक्षी बोटाने चाचपून पाहिली आणि धुक्याचे दिवे लागतात याची खात्री केली. ‘सपाट रस्त्यावर चालतंय म्हणून घाटात चालत नाही बाळ,’ एवढेच ते म्हणाले.

पहाटे निघालो. हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह मागे पडले, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांच्या स्मारकाला जाता जाता हात जोडले, आणि सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी ही गावे उजाडता उजाडता ओलांडली. दोन्ही बाजूंना भात पोटरीत आले होते आणि बांधापलीकडे रताळ्याचे वेल पसरले होते. बाचीनंतर कर्नाटकाची हद्द संपते आणि शिनोळीपासून महाराष्ट्र, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका सुरू होतो. पाट्यांची लिपी बदलते, रस्त्याचा खाते-विभाग बदलतो. घरांतली भाषा मात्र दोन्हीकडे एकच आहे आणि सोयरिकीही दोन्हीकडे पसरलेल्या आहेत. आमच्या घरातल्या दोन मुली शिनोळीच्या पलीकडे दिल्या आहेत, त्यामुळे ही हद्द आम्हाला प्रवासात जाणवत नाही. जाणवते ती कागदपत्रांच्या कामात.

पाटणे फाट्यापासून पुढचा प्रदेश मात्र सावकाश पाहावा असा आहे. एक गोष्ट बेळगावहून जाणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही, ती म्हणजे आपण घाटाकडे जात असलो तरी चढत नसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर. म्हणजे सत्तरेक किलोमीटर टेकड्यांतून वरखाली होत आपण डोंगराच्या माथ्यावरूनच चालत असतो, किंबहुना थोडे खालीच आलेले असतो, आणि मग एकाएकी पायाखालची जमीन संपते. कोकणातून येणाऱ्याला घाट समोर भिंतीसारखा उभा दिसतो, तर देशावरून जाणाऱ्याला तो कड्याच्या टोकाशी पोहोचेपर्यंत दिसतच नाही. जुन्या काळी पहिल्यांदा समुद्राकडे निघालेल्या गाडीवानाला हे स्थळ काय वाटले असेल, याचा विचार मी कानूरच्या पुढे पोहोचेपर्यंत करत होते.

दुसरी गोष्ट पावसाची. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, चढताना थंड होतात आणि आपला बहुतेक भार कड्याच्या माथ्यावरच उतरवतात. आंबोलीला वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बेळगावला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला गोकाक-अथणीच्या बाजूला तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. आम्ही या उताराच्या उलट दिशेने निघालो होतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर झाडे बदलताना दिसत होती. हलकर्णीच्या आसपास काजूच्या बागा होत्या, चंदगडच्या पुढे नाचणीचे तुकडे आणि बांबूची बेटे आली, आणि कानूरनंतर रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या बुंध्यांवर शेवाळाचा थर चढला. याच तालुक्यातून ताम्रपर्णी आणि घटप्रभा वाहतात. कड्यापासून समुद्र कावळ्याच्या उड्डाणाने अगदी जवळ असताना या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतात, कृष्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. गोकाकला जो ५२ मीटरांचा धबधबा आपण पाहायला जातो, त्यात या चंदगडी पावसाचेच पाणी असते.

आंबोलीत शिरण्यापूर्वी नांगरतासचा धबधबा लागतो. येथे पाणी उंचावरून उघड्यावर कोसळत नाही. काळ्या खडकात खोल, अरुंद चीर पडली आहे आणि प्रवाह त्या चिरेत घुसून दिसेनासा होतो. लोखंडी कठड्याला धरून वाकले की आवाज आधी अंगावर येतो आणि पाणी नंतर दिसते. येथे आम्ही थोडाच वेळ थांबलो, कारण मला उजेड वाढायच्या आत हिरण्यकेशीला पोहोचायचे होते.

हिरण्यकेशीचा उगम आंबोली गावापासून जवळच आहे. महादेवाच्या देवळाला लागून असलेल्या गुहेतून पाणी बाहेर येते आणि समोरच्या कुंडात साठते. हेच पाणी पुढे आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वरावरून वाहत घटप्रभेला मिळते; म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी शेतांची तहान या कुंडापासून भागायला सुरुवात होते. याच ठिकाणी सापडलेल्या एका छोट्या माशाची शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंद केली आणि तिला नदीचेच नाव दिले: शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने हा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केला. कुंडात पाय बुडवून बसलेल्या मंडळींना हे माहीत असतेच असे नाही. देवळातल्या गुरवांनी मात्र आम्हाला आपण होऊन सांगितले की कुंडात साबण लावू देत नाही, निर्माल्यही टाकू देत नाही. ते ऐकून मला फार समाधान वाटले.

आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळांवर, त्या दिवसांत सोनकी आणि तेरडा फुललेला होता. याच जांभ्या सड्यांवर एक लहानसा, अंगावर पिवळसर पट्टे असलेला टोड राहतो. आंबोलीचा टोड म्हणून तो ओळखला जातो, २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांमध्ये मोडतो. पावसाच्या रात्री हे प्राणी रस्ता ओलांडतात आणि चाकांखाली येतात. रात्री आंबोलीतून जाणाऱ्याने गाडीचा वेग कमी ठेवावा, यासाठी हे एक कारण पुरेसे आहे. गव्यांचे कळपही रात्री रस्त्यावर येतात, ते दुसरे कारण.

आंबोली सोडल्यावर घाट सुरू झाला आणि त्याबरोबर धुकेही आले. मी सवयीने दिव्यांचा झोत वर केला, तेव्हा समोर पांढरी भिंत उभी राहिली. ‘लाईट खाली कर,’ मामा म्हणाले. ‘वरच्या लाईटीत धुकंच दिसतंय नुसतं. आता दुसऱ्यात टाक आणि तसंच सोड. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नसतं.’ घाट उतरण्याचा सगळा धडा या तीन वाक्यांत आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि नेमका गरजेच्या वळणावर लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारे लोक आजही दिसतात, आणि त्यांच्यामुळे दुसऱ्यांचा जीव जातो. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही मामांनी अक्षरशः पाळायला लावला: समोरून भरलेला ट्रक दिसला की मी वळणाच्या अलीकडेच बाजूला थांबत होते. चढावर थांबलेल्या भरलेल्या गाडीला पुन्हा हलवणे किती कठीण असते, हे ज्याने ती चालवली आहे त्यालाच कळते.

मुख्य धबधब्याच्या अलीकडे मोकळी जागा पाहून गाडी उभी केली आणि आम्ही पायी निघालो. माझ्या दृष्टीने प्रवासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होता. कामाचा दिवस आणि सकाळची वेळ असल्यामुळे वाहने तुरळक होती. आम्ही डोंगराच्या बाजूने, एकामागे एक, कधी धुक्यातून तर कधी उघडिपीतून उतरत गेलो.

या घाटाला ब्रिटिश काळातील कागदपत्रांत पारपोली घाट असेही म्हटले आहे, कारण पारपोली हे गाव त्याच्या पायथ्याशी आहे. गाड्यांसाठी तो बांधून काढला गेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीची मुख्य वाट याच्या दक्षिणेला, रामघाटाची. चंदगड तालुक्यातच त्या बाजूच्या मुलखावर नजर ठेवून पारगड उभा आहे, ज्याची किल्लेदारी शिवाजी महाराजांनी तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांच्याकडे दिली असे परंपरा सांगते आणि जिथे मालुसऱ्यांचे वंशज आजही राहतात. पण जुन्या घाटवाटा मुख्यतः पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या होत्या. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून त्यांवरून जात. पाठीवर गोणी असलेला बैल खडा चढ चढू शकतो. पण गाडीला जुंपलेला बैल तसे करू शकत नाही, आणि उतारावर तर भरलेली गाडी त्याच्या मानेवरच येते. म्हणून गाडीसाठी रस्ता काढायचा तर उतार सौम्य हवा, आणि उतार सौम्य हवा तर अंतर वाढवायला हवे. आंबोलीच्या घाटातली सगळी वळणे या एका गरजेतून निघाली आहेत. रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो, ओहोळ ओलांडतो, सोंडेला वळसा घालून बाहेर येतो आणि पुन्हा पुढच्या कुशीत शिरतो. पायी चालताना कुठेही धाप लागली नाही की गुडघ्यांवर ताण आला नाही, तेव्हा त्या आखणीचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले. आजच्या बसगाड्या आणि ट्रक बैलाच्या ताकदीला बेतलेल्या चढावरूनच चालत आहेत.

मामांच्या वडिलांनी बैलगाड्यांची शेवटची वर्षे पाहिली होती. उतरताना गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका दोराने बांधून तो फरपटत नेत, म्हणजे गाडी आवरली जाई, असे ते सांगत. गाड्या एकट्यादुकट्या कधी जात नसत. रात्री वर मुक्काम करून पहाटे रांगेने उतरत. मीठ वर आणताना पावसाळा पूर्ण टाळावा लागे, त्यामुळे आमच्याकडच्या घरांत वर्षाच्या मिठाची बेगमी उन्हाळ्यातच होत असे. मामा हे सांगत होते तेव्हा खालून बेळगावच्या दिशेने एक टेम्पो चढत आला, त्यात शहाळी भरलेली होती.

पुढे आम्ही मोऱ्या पाहिल्या. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारा बांधीव मार्ग. गाडीतून जाताना ती दिसतच नाही, आणि घाट टिकतो तो मात्र तिच्यावर. असा रस्ता करताना डोंगराची बाजू खोदतात आणि निघालेले दगड-माती दरीच्या बाजूला भरून रुंदी मिळवतात. म्हणजे रस्त्याचा आतला भाग मूळ खडकावर असतो आणि बाहेरचा भाग भरावावर. डोंगरावरून येणारे पाणी आतल्या बाजूच्या गटारात धरायचे, ठरावीक अंतरावर मोरीतून रस्त्याखालून पलीकडे काढायचे, आणि पलीकडे ते भराव खणून काढणार नाही अशा तऱ्हेने दगडी फरसबंदीवर सोडायचे, हे सगळे शास्त्र त्यात आहे. गटार मातीने भरले किंवा मोरी प्लास्टिकने तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहते, भरावात मुरते आणि एके दिवशी बाहेरची कड दरीत जाते. वर्षाला सात हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या डोंगरात हा मार्ग इतकी वर्षे टिकून आहे, त्याचे श्रेय या न दिसणाऱ्या बांधकामाला आहे. एका मोरीच्या तोंडाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. घडीव दगडांचे सांधे अजून सरळ होते, वरच्या कमानीला कुठे भेग नव्हती, आणि तिच्या तोंडाशी कुरकुऱ्यांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या अडकलेल्या होत्या. मामांनी काठीने त्या ओढून काढल्या आणि तुंबलेले पाणी भसकन पलीकडे गेले.

डोंगराच्या कापलेल्या बाजूवर काळ्या पाषाणाचे आडवे थर स्पष्ट दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास ज्वालामुखीतून एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे हे थर. माथ्यावर त्यांची झीज होऊन तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला आहे. जांभा पाणी पितो, खालचा पाषाण ते अडवतो, आणि दोहोंच्या मधली माती चिखल होऊन घसरली की दरड येते. कुठला भाग धोक्याचा आहे, हे मामा झाडांच्या कलण्यावरून ओळखत होते. जिथे एकाच बाजूची सगळी झाडे रस्त्याकडे झुकलेली दिसतील, तिथे गाडी उभी करायची नाही, असा त्यांचा दंडक आहे.

आणि कठडे. दरीच्या बाजूचे जुने दगडी कठडे काही वळणांवर अजून जसेच्या तसे आहेत, शेवाळ आणि नेच्यांनी झाकलेले. काही ठिकाणी वाहनांच्या धडकेने ते पडले आणि त्यांच्या जागी काँक्रीट किंवा लोखंडी पट्ट्या आल्या. सुरक्षितता आधी, याबद्दल माझे दुमत नाही. पण आपण किल्ल्याचा बुरूज ढासळला की हळहळतो, देवळाचा चिरा निखळला की वर्गणी काढतो, आणि असंख्य पाथरवटांनी आणि बिगाऱ्यांनी या पावसात, या कड्यावर उभे राहून बांधलेला रस्ता मात्र आपल्या लेखी वारसाच नसतो, हे मला पटत नाही. घडणाऱ्या हातांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. पडलेल्या कठड्याचे घडीव दगड दरीच्या उतारावर तसेच पडून आहेत. तेच उचलून चुन्यात पुन्हा रचता येतील, आणि आवश्यक तिथे त्यांच्या आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावता येईल. रस्ता रुंद करायची वेळ येईल तेव्हा निदान काय होते याची नोंद, मापे आणि छायाचित्रे तरी हातात असावीत.

मुख्य धबधब्यापाशी पोहोचलो तेव्हा पहिल्या बसमधून शाळेची मुले उतरली होती. धबधबा रस्त्याला अगदी लागून, काळ्या कातळावरून टप्प्याटप्प्याने येतो, आणि त्याचे सगळे पाणी रस्त्याखालून दरीत जाते. ते कसे जाते हे पाहायला आम्ही कठड्याशी गेलो, तेव्हा दोन मुलेही उत्सुकतेने आमच्याबरोबर वाकली. ‘आज्जो, पाणी खालून कुठनं जातंय?’ एकाने विचारले, आणि मामांनी त्याला मोरी, गटार आणि फरसबंदी असे सगळे नीट समजावून सांगितले. जवळच काही जण माकडांना बिस्किटे देत होते. माकडे त्यामुळे जंगल सोडून रस्त्यावर बसतात आणि वळणावर वाहनांखाली येतात. हे वन खात्याच्या फलकावर लिहिलेले आहे आणि तरीही थांबत नाही.

पूर्वीचा वस या देवस्थानाशी गाडीवाले आजही थांबून नमस्कार करतात. आम्हीही केला. तेथून धुके मागे राहिले आणि खाली सावंतवाडीकडचा हिरवा मुलूख उघडा पडला. पायथ्याशी दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले, तेव्हा उकाडा जाणवू लागला होता. तासाभरापूर्वी अंगावर असलेला स्वेटर मागच्या सीटवर गेला. माडखोलवरून सावंतवाडी गाठली. मोती तलावाच्या काठी जेवून, लाकडी खेळण्यांच्या बाजारात न रेंगाळता, तळवडे आणि तुळस या गावांवरून आम्ही वेंगुर्ल्याला पोहोचलो.

वेंगुर्ल्यात आधी डचांची वखार पाहिली. सतराव्या शतकात डच व्यापारी येथे ठाण मांडून होते. जांभ्या दगडाच्या जाड भिंती आज छपराशिवाय उभ्या आहेत आणि त्यांच्यावर झाडांची मुळे चढली आहेत. १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे आले. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि तेथे मोठी छावणी बसवली, तेव्हा या बंदराचे महत्त्व एकदम वाढले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली; देशावरून किनाऱ्यावर माल आणणाऱ्या प्रत्येक घाटाकडे सरकारचे लक्ष गेले ते या काळात. पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदरातून कॅसलरॉकमार्गे लोंढ्याला रेल्वे आली आणि बेळगावचा माल तिकडे वळला. एका पिढीच्या आत वेंगुर्ल्याचा देशावरचा व्यापार ओसरला. आज धक्क्यावर मासेमारीच्या होड्या लागतात. धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही बेळगावहून आल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी ‘वेंगुर्ला रोडवरून?’ असे विचारले. ते तरुणपणी बेळगावच्या मिलिटरी कॅन्टीनला मासळी पोहोचवत होते.

परतीचा चढ आम्ही उजेड असतानाच गाठला. चढताना घाट वेगळा दिसतो: कठडे डोळ्यांच्या उंचीवर येतात, मोऱ्यांची खालची तोंडे वळणावळणावर दिसतात, आणि वरचा कडा जवळ येत असल्याचे सतत जाणवत राहते. मामांनी मागच्या सीटवरची माझी वही मागून घेतली आणि दाणोलीपासून एकेका वळणाची खूण सांगायला सुरुवात केली. कुठे जुना कठडा शाबूत आहे, कुठे मोरीची कमान दिसते, कुठे झरा बारमाही आहे, कुठे ट्रकवाले इंजिनाला पाणी पाजायला थांबत. प्रत्येक नोंदीच्या शेजारी मी मोबाइलवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले आणि थांबणे सुरक्षित होते तिथे छायाचित्र घेतले. पूर्वीच्या वसापर्यंतची यादी त्या संध्याकाळी पूर्ण झाली. तेथून वर धुके उतरले आणि लिहिणे थांबवावे लागले. राहिलेला टप्पा दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, पुन्हा पायी करायचा आहे. सावंतवाडीच्या एका महाविद्यालयातील इतिहासाच्या शिक्षिकांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन मापे घ्यायला येण्याचे कबूल केले आहे. मामांनी त्यासाठी घरातली पन्नास फुटी टेप आतापासूनच काढून ठेवली आहे.